पिकअप बदलण्याआधी मीटर काढा

प्रश्न नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या एका तरुण वादकाचा आहे. त्याच्या गिटारच्या सॅडलखाली, म्हणजे घोडीवरच्या ज्या पट्टीवर तारा टेकतात तिच्याखाली, पिझोची पट्टी आहे. हा त्याचा पिकअप, म्हणजे वाद्याची कंपनं टिपून त्यांची वीज करणारा भाग. आत बॅटरी वगैरे काही नाही. वडील भजनी मंडळात व्हायोलिन वाजवतात, त्यावर यानं पिझोची सुटी चकती आणून चिकटवली आहे. मित्राच्या इलेक्ट्रिक गिटारच्या अँपला जोडलं की दोन्हींचा आवाज बरा येतो. मंडळाच्या मिक्सरला जोडलं की गिटार 'टिनाच्या डब्यात वाळू हलवल्यासारखी' वाजते आणि व्हायोलिन बारीक होतं. पंधरा हजार रुपये जमवले आहेत. पिकअप बदलू की अँप घेऊ?

दोन्ही नको. निदान आत्ता नको.

तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. वाद्य तेच, पिकअप तोच, केबल तीच. बदलली ती फक्त भोकाची जागा, जिथे जॅक खोचला. पिकअप खराब असता तर मित्राच्या अँपवरही रडला असता. म्हणजे भांडण पिकअप आणि मिक्सरचं आहे, आणि या भांडणाचं नाव इनपुट इम्पिडन्स, म्हणजे आत येणाऱ्या सिग्नलला यंत्राचा असलेला रोध.

पिझो दाबला की त्यात विद्युतभार तयार होतो, पण किती? अगदी चिमूटभर. विजेच्या भाषेत तो एक छोटा कपॅसिटरच आहे, म्हणजे भार साठवणारा भाग. मिक्सरच्या लाइन इनपुटचा रोध साधारण १० ते २० किलोओहम असतो आणि माइक इनपुटचा तर दीड-दोन किलोओहमच्या आसपास. पिझोच्या दृष्टीनं हे म्हणजे मे महिन्यात चौथ्या मजल्यावर राहणं आणि तळमजल्यावाल्यानं नळाला टिल्लू पंप लावणं. वर पाणी चढायच्या आधीच खाली ओढलं जातं. जलद हेलकावे, म्हणजे वरचे सूर, कसेबसे निभावतात. संथ हेलकावा पुरा व्हायच्या आत मात्र भार गळून गेलेला असतो. संथ हेलकावा म्हणजेच खर्ज. म्हणून आवाज लहान होतो असं नाही, तो खालून कापला जातो. मिक्सरवरचं बेसचं बटण कितीही फिरवलं तरी जे आलंच नाही ते वाढणार कुठून? वाढते ती घरघर.

हे आकड्यात बघण्यासारखं आहे, कारण हिशोब तोंडी होतो. १५९ या आकड्याला इनपुटचा रोध (मेगाओहममध्ये) आणि पिकअपची कपॅसिटन्स (म्हणजे भार साठवायची क्षमता, नॅनोफॅरडमध्ये) यांच्या गुणाकारानं भागा. जे उत्तर येईल त्या हर्ट्झच्या खाली आवाज उतरणीला लागतो. सॅडलखालच्या पट्टीची कपॅसिटन्स १ नॅनोफॅरडच्या आसपास धरा. काहींची निम्मीही असते. मिक्सरचा रोध १० किलोओहम, म्हणजे ०.०१ मेगाओहम. १५९ भागिले ०.०१, उत्तर १५,९०० हर्ट्झ. म्हणजे जवळजवळ सगळं संगीतच उतरणीवर! गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झवर बोलते. ती मिक्सरपर्यंत जवळपास दोनशेपट क्षीण होऊन पोचते. इलेक्ट्रिक गिटारच्या अँपचं इनपुट बहुतेक १ मेगाओहमचं. तिथे उत्तर १५९ हर्ट्झ, म्हणून मित्राकडे 'बरा' वाटला. १० मेगाओहमच्या प्रीअँपवर (वाद्य आणि मिक्सरच्या मध्ये बसणारा, सिग्नल सांभाळून घेणारा छोटा डबा) उत्तर १६ हर्ट्झ. तिथे गिटार पूर्ण येते.

आता गंमत बघा. तुमच्या वडिलांच्या व्हायोलिनवरची चकती २७ मिलिमीटरची असेल तर तिची कपॅसिटन्स २० नॅनोफॅरडच्या घरात असते. तोच १० किलोओहमचा मिक्सर, पण उत्तर ८०० हर्ट्झच्या आत येतं. व्हायोलिनची खालची तार १९६ हर्ट्झची, तिची फक्त चौथाई उरते. वाईट आहे, पण गिटारइतकं नाही. नुसतं १ मेगाओहमचं इनपुट मिळालं तर उत्तर ८ हर्ट्झ, म्हणजे चिंताच मिटली. दहा-वीस रुपयांची चकती या बाबतीत महागड्या पट्टीपेक्षा जास्त सोशिक निघते. म्हणून 'पिझोला १० मेगाओहम लागतोच' असं जे सरसकट सांगितलं जातं ते मला पटत नाही. कोणत्या पिझोला, ते आधी विचारा.

आणि ते विचारायला साधा डिजिटल मीटर पुरतो, कपॅसिटन्स मोजणारा. जॅक काढा, पिकअपच्या केबलमधली आतली तार आणि बाहेरची जाळी मीटरला लावा, आकडा वहीत लिहा. केबल लांब असेल तर तिचीही कपॅसिटन्स त्यात धरली जाते, दर एक मीटर लांबीला शंभरेक पिकोफॅरड (०.१ नॅनोफॅरड), तेवढी वजा करा. हे काम दोन मिनिटांचं आहे आणि पुढची हजारोंची खरेदी त्यावर ठरते. माझ्याकडे वाद्य घेऊन येणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते केलेलं असतं.

मीसुद्धा केलेलं नव्हतं, हे कबूल करतो. मी नवीन होतो तेव्हाची गोष्ट. सिव्हिल लाइन्समधल्या एका सभागृहात सतारीचा कार्यक्रम होता आणि ध्वनिव्यवस्था माझी. वादकानं तबलीवर (भोपळ्यावरच्या लाकडी पाटीवर) घोडीच्या जवळ पिकअप लावून आणला होता, मी तो सरळ मिक्सरच्या लाइनला खोचला. सतार डासासारखी वाजली. मी बेस वाढवला, मग आणखी वाढवला, मग गेन वाढवला, आणि आलाप मंद्रात उतरला तसा समोरचा मॉनिटर भुंकायला लागला. शेवटी पिकअप बंद करून एक माइक पुढे सरकवला. मध्यंतरात त्या ज्येष्ठ माणसाला मी ऐटीत सांगितलं, 'गुरुजी, तुमचा पिकअप हलका आहे.' त्यांनी काही उत्तर दिलं नाही. घरी जाऊन मीटर लावला असता तर कळलं असतं की हलका कोण होता. खर्जाची तार ६९-७० हर्ट्झवर लावलेली असते. ती माझ्या मिक्सरमध्ये शिरलीच नव्हती.

बरं, पैसे खर्च करण्याआधी एक फुकटचा उपाय बघून घ्या. मंडळाच्या मिक्सरवर एखाद्या चॅनलला 'हाय-झेड' किंवा गिटारचं चित्र असलेलं बटण आहे का? बऱ्याच छोट्या मिक्सरवर आणि रेकॉर्डिंगच्या इंटरफेसवर ते असतं. दाबलं की इनपुट १ मेगाओहमच्या आसपास जातं. तेवढ्यानं व्हायोलिनचं काम पूर्ण झालं आणि गिटारचं अर्धं.

नसेल तर प्रीअँप. इथे लोक फसतात ते 'डीआय बॉक्स' (वाद्य मिक्सरला जोडून देणारा डबा) या शब्दाला. पॅसिव्ह डीआयमध्ये नुसता ट्रान्सफॉर्मर असतो. त्याचं इनपुट लाख-दीड लाख ओहमच्या आसपास. कीबोर्डला झकास, बॅटरीवाल्या गिटारला झकास, पण उघड्या पिझोला अपुरं. अ‍ॅक्टिव्ह डीआय असला तरी खोक्यावरचा आकडा वाचा. काहींचा २२० किलोओहम असतो, काहींचा १ मेगाओहम. अकूस्टिक वाद्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रीअँपवर १ ते १० मेगाओहम लिहिलेलं सापडतं. ज्या वस्तूच्या माहितीपत्रकात हा आकडाच नाही ती मी घेत नाही, मग वरचा रंग कितीही छान असो. दुकानदाराला विचारलं तर तो 'सगळ्यांना चालतं' म्हणेल. त्याच्यावर रागावू नका, पण आकडा बघितल्याशिवाय घेऊही नका.

आकड्याखेरीज तीन गोष्टी मी बघतो. पहिली, फेज उलटवण्याचं बटण. वाद्याचं पोट आणि स्पीकर एकमेकांना ढकलू लागले की कमी पट्टीत घुमारा येतो, आणि हे बटण दाबल्यावर तो कितीदा गायब होतो ते स्वतः करून बघा. दुसरी, नॉच, म्हणजे एकच अरुंद पट्टी कापणारा फिल्टर. गिटारच्या पोटातली हवा साधारण ९० ते ११० हर्ट्झवर घुमते, सिटी बहुधा तिथूनच सुरू होते. तिसरी, बॅलन्स्ड एक्सएलआर आउटपुट, माइकच्या केबलसारखं तीन पिनांचं, म्हणजे मिक्सर वीस-तीस मीटरवर असला तरी हरकत नाही. कंप्रेसर, रिव्हर्ब, ट्यूनर ही सगळी मिठाई. पोट भरल्यावर.

हाताला सोल्डरिंगची सवय असेल तर बफर, म्हणजे नुसता इनपुटचा रोध उंच ठेवणारा साधा प्रीअँप, घरीही बनतो. टीएल ०७२ ही आठ पायांची चिप, तिच्या इनपुटला जे-फेट जातीचे ट्रान्झिस्टर असतात म्हणून रोध प्रचंड. इनपुटपासून अर्ध्या व्होल्टेजकडे १० मेगाओहमचा रेझिस्टर, ९ व्होल्टची अल्कलाइन बॅटरी, अ‍ॅल्युमिनियमचा डबा. सगळं सीताबर्डीवर सुट्या भागांच्या दुकानात मिळतं. बॅटरी शंभरेक तास सहज जाते. दोन गोष्टी मात्र मार खाऊन शिकलोय. डबा धातूचाच हवा आणि तो जॅकच्या ग्राउंडला जोडलेला हवा, नाहीतर प्लास्टिकच्या डब्यात तुम्ही बफर नाही, ५० हर्ट्झचा अँटेना बनवलाय. आणि सोल्डर मारल्यावर बोर्डावर राहिलेला राळेचा चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. उन्हाळ्यात काही कळत नाही. जुलैत हवा दमट झाली की तो चिकटा ओल धरतो, १० मेगाओहमला वळसा घालून करंट गळतो, आणि 'सर, मागच्या महिन्यापर्यंत छान होतं' असा फोन येतो.

केबलबद्दल एक गैरसमज काढतो. 'लांब केबलनं वरचे सूर जातात' हे चुंबकीय पिकअपबाबत खरं आहे. पिझोबाबत नाही. पिझो स्वतःच कपॅसिटर असल्यामुळे केबल त्याच्याशी वाटणी करते. १ नॅनोफॅरडच्या पट्टीला ५ मीटर केबल लावली तर सगळाच आवाज एकसारखा एक-तृतीयांश कमी होतो, रंग बदलत नाही. तरी प्रीअँपपर्यंतची केबल दोन-तीन मीटरच्या आत ठेवा. कारण वेगळं आहे: एवढ्या उंच रोधाची तार म्हणजे प्रत्येक घरघर टिपणारा कान. केबल हलवली की खरखर येते तीही तिथूनच. प्रीअँपनंतर मात्र खुशाल लांब जा.

चुंबकीय पिकअपचा विषय निघालाच आहे तर: गिटारच्या भोकात बसणारा तो प्रकार फक्त स्टीलच्या तारांना ऐकतो. नायलॉनच्या तारा त्याच्या लेखी नाहीतच. सतारीवर लावलात तर स्टीलच्या तारा मोठ्यानं आणि पितळेच्या कुजबुजत वाजतील. त्याला ५०० किलोओहम ते १ मेगाओहम पुरे, १० दिलं तर टोक कर्कश होतं. आणि नागपुरात त्याचा खरा शत्रू म्हणजे कूलर. एप्रिलच्या कार्यक्रमात वादकाला वारा लागावा म्हणून आयोजक प्रेमानं कूलर शेजारी आणून ठेवतात आणि मग सगळे मिळून 'हम' कुठून येतोय ते शोधतात. कूलर दोन हात सरकवा, नाहीतर वादकाला थोडं फिरवून बसवा. मंचावरच्या दिव्यांचे डिमर हा त्याचाच चुलतभाऊ.

आता अँप. लोकांना 'मॅचिंग' म्हणजे दोन्ही बाजूंचे ओहम सारखे असं वाटतं. सिग्नलच्या बाजूला तसं नसतं. देणाऱ्याचा रोध कमी, घेणाऱ्याचा निदान दसपट, एवढंच बघायचं. प्रीअँपच्या पुढे ही अट आपोआप पाळली जाते, त्यामुळे मंडळाचा मिक्सर, पॉवर्ड स्पीकर, कीबोर्डचा अँप, काहीही चालतं. ओहम मोजायची वेळ पुन्हा येते ती शेवटी, स्पीकरपाशी. अँपवर 'किमान ४ ओहम' लिहिलं असेल तर ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडा, तिसरा नको. आणि देवळातल्या भोंग्यांच्या अँपला १०० व्होल्टचं टर्मिनल असतं, त्यावर साधा ८ ओहमचा स्पीकर चुकूनही लावू नका.

इलेक्ट्रिक गिटारचा अँप तुमच्या कामाचा नाही, जरी तिथे आवाज बरा वाटला तरी. त्याच्या स्पीकरला ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांसाठीचा वेगळा छोटा स्पीकर, नसतो, पाच हजार हर्ट्झच्या वर तो हात टेकतो. पिझोचा कडकपणा त्यानं झाकला म्हणून तुम्हाला गोड वाटला. व्हायोलिनच्या गजाचा श्वास आणि गिटारच्या तारेची झळाळी त्याच झाकणाखाली गेली. पुढे कधी अँप घ्यायचाच झाला तर ट्वीटरवाला, अकूस्टिक वाद्यांसाठीचा, ४०-६० वॉटचा घ्या. वॉट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात, कानाला 'जरासं मोठं' एवढंच. भजनाच्या बैठकीत आवाजाची मर्यादा वॉटनं येत नाही, सिटीनं येते, आणि सिटीचा इलाज स्पीकर वादकाच्या मागे न ठेवणं हा आहे. त्याला पैसे पडत नाहीत.

मिक्सरवर गेल्यावर लेव्हल नीट लावा. पिझो अंगावर येतो तो जोरात तार छेडल्यावर. त्या क्षणी तो काही व्होल्टपर्यंत उसळतो, ९ व्होल्टचा प्रीअँप डोकं आपटतो आणि तो प्लास्टिकचा 'क्वॅक' ऐकू येतो. प्रीअँप १८ व्होल्टवर चालत असेल तर चालवा. नाहीतर गेन कमी ठेवून मिक्सरवर वाढवा. उरलेला कडकपणा दीड ते अडीच हजार हर्ट्झच्या दरम्यान थोडं कापून मऊ करता येतो. बेस वाढवून तो झाकू नका. व्हायोलिनला १५० हर्ट्झच्या खालचं सगळं कापा, तिथे व्हायोलिन नाही, मंचाची धडधड आहे.

मंडळात पेटी, तबला, खंजिरी असेलच. आपल्याकडे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांना खंजिरी हवीच. या तिघांना पिझो लावण्याच्या भानगडीत पडू नका. पेटीवर चकती चिकटवली की सुरांपेक्षा पट्ट्यांची खटखट आणि भात्याचा ठोका जास्त ऐकू येतो. तिथे माइकच.

म्हणजे तुमचे पंधरा हजार असे: दोन इनपुटचा, निदान १ मेगाओहमचा प्रीअँप, एका इनपुटला १० असेल तर गिटार तिथे. दोन चांगल्या छोट्या केबल, एक लांब एक्सएलआर. उरतील ते बँकेत. गिटारच्या पट्टीचा आकडा अर्ध्या नॅनोफॅरडच्या जवळ आला तर मात्र १० मेगाओहमवर तडजोड नको, कारण १ वर उत्तर ३१८ हर्ट्झ येतं आणि खालच्या तीन तारा उपाशी राहतात.

व्हायोलिनवरची चकती कशानं चिकटवलीय ते तुम्ही लिहिलेलं नाही. दुहेरी टेप असेल तर मे महिन्यात ती सरकेल, बदलून टाका. जाड आणि मऊ पुट्टी असेल तर वरचे सूर तीच पीत असेल. झटपट चिकटणारा गोंद लावला असेल तर चकती ओढून काढू नका, वार्निश तिच्यासोबत येईल. वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. पुढच्या वेळी चकती पोटावर लावण्याऐवजी घोडीच्या बाजूच्या खाचेत, पातळ बुचाच्या तुकड्यानं, हलकी घट्ट बसवून बघा. पितळेची बाजू केबलच्या जाळीला आणि मधला पांढरा भाग आतल्या तारेला. उलटं जोडलं तरी आवाज येतो, पण बोट लागलं की घरघरतं. आणि पांढऱ्या भागावर सोल्डरिंग आयर्न दोन सेकंदांच्या वर टेकवू नका, वरचा चांदीचा थर सुटून येतो.